तळणे, भाजणे आणि एक नवे यंत्र



शाळेच्या हीरक महोत्सवात स्वयंपाकघरातील एका विजेच्या यंत्रावर व्याख्यान ठेवावे, हे काहींना विचित्र वाटेल. अशा व्यासपीठावर भाषा, संस्कार, परप्रांतातील मराठी माणसाची वाटचाल असे विषय शोभतात. परंतु एअर फ्रायर हा विषय वरवर दिसतो त्यापेक्षा शाळेच्या बराच जवळचा आहे. या यंत्राविषयी घरोघरी जो गोंधळ आहे, त्यातील निम्मा शब्दाचा गोंधळ आहे. आणि शब्दाचा अर्थ नीट लावणे हे शाळेचेच काम. साठ वर्षे मराठी मुलुखाबाहेर राहून ज्या शाळेने मुलांना मराठी क्रियापदे शिकवली, तिच्या अंगणात हा विषय परका ठरू नये.

अग्नी आणि अन्न यांच्या संबंधासाठी मराठीत किती क्रियापदे आहेत, हे एकदा मोजून पाहण्याजोगे आहे. वांगे भाजतात, कांदा परततात, फुलका शेकतात, मोदक उकडतात, भात शिजवतात, दूध आटवतात, भजी तळतात. पापड भाजतातही आणि तळतातही, आणि दोन्ही पापडांची चव वेगळी असते, हे लहान मूलही सांगू शकते. या शब्दांच्या सीमा स्पष्ट आहेत. परतण्याला तेलाचा बोट लागतो, तळण्याला पदार्थ बुडेल एवढे तेल लागते, भाजण्याला तेल लागलेच पाहिजे असे नाही. इंग्रजीतील ‘फ्राय’ हा शब्द त्या मानाने ऐसपैस आहे. तव्यावरचे अंडे, कढईत परतलेली भाजी आणि तेलात बुडवून काढलेला वडा हे तिन्ही त्यात सामावतात. त्या ऐसपैस शब्दाला ‘एअर’ जोडून यंत्राचे नाव तयार झाले आणि मराठी घरात येताना त्याचा अर्थ ‘तेलाशिवाय तळणारे यंत्र’ असा झाला. यंत्राचा दरवाजा उघडून आत पाहिले की मात्र मराठी क्रियापद चटकन सापडते. हे यंत्र तळत नाही, भाजते.

आत काय असते? वरच्या बाजूला तापणारी विजेची तार, तिच्यावर जोरात फिरणारा पंखा आणि खाली भोके असलेली टोपली. तारेने तापलेली हवा पंखा खाली ढकलतो. ती टोपलीतील पदार्थाच्या सर्व बाजूंनी फिरते आणि पुन्हा वर जाते. लहान बंदिस्त जागेत हा फेरा सतत चालू राहिल्याने पदार्थाभोवती साचलेली दमट हवा हटत राहते, पृष्ठभाग लवकर कोरडा होतो आणि त्यावर खरपूस कवच येते. तांबूस रंग आणि भाजल्याचा वास ज्या रासायनिक क्रियेमुळे येतो, तिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ साली केले. ती क्रिया तेलाची बांधील नाही. प्रथिने, शर्करा, पुरेशी उष्णता आणि कोरडा पृष्ठभाग एवढे तिला पुरते. म्हणून भाकरीच्या पापुद्र्यावरचे ठिपके आणि वड्याचा रंग ही एकाच कुळातील भावंडे म्हणता येतील.

यंत्राची वंशावळही फार जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी गोठवलेले जेवण विमानात गरम करण्यासाठी पंखा बसवलेली छोटी भट्टी तयार केली. तिचे नावच मुळी ‘व्हर्लविंड ओव्हन’, म्हणजे वावटळीची भट्टी. पुढे नेदरलँड्समधील फ्रेड व्हान डर वेय यांनी बटाट्याच्या फोडी कढईभर तेलाशिवाय कुरकुरीत व्हाव्यात यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली आणि २०१० साली बर्लिनच्या इफा प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने ते यंत्र ‘एअरफ्रायर’ या नावाने जगापुढे ठेवले. बटाट्याच्या फोडींसाठी जन्मलेले यंत्र आज अळूवडीपर्यंत येऊन पोहोचले आहे.

कल्पना मात्र त्याहून पुष्कळ प्राचीन आहे. गावातील भडभुंज्याची भट्टी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ती लगेच ओळखू येईल. लोखंडी कढईत वाळू तापवायची, त्यात हरभरे टाकायचे, झाऱ्याने हलवायचे आणि चाळून फुटाणे वेगळे काढायचे. तापलेली वाळू दाण्याला सर्व बाजूंनी वेढते, अगदी तळणीतील तेल वेढते तसे. पण दाण्यात शिरत नाही. चुरमुरे, लाह्या, फुटाणे, खारे शेंगदाणे ही सगळी कुरकुरीत संपत्ती तेलाच्या थेंबाशिवाय निर्माण झाली आहे. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरायच्या, मडके उपडे घालायचे आणि भोवती जाळ करायचा. त्यातही तेल नाही, पाणी नाही. शेंगा आपल्याच ओलाव्यात शिजतात. तेव्हा कोरड्या उष्णतेने पदार्थ चविष्ट होतो, हे मराठी माणसाला परदेशी यंत्राने शिकवण्याची गरज नव्हती. यंत्राने आणली ती सोय. वाळू, जाळ आणि अंगण यांच्याऐवजी सदनिकेच्या ओट्यावर हातभर जागा आणि विजेचे एक बटण.

तळण्यात नेमके काय घडते, हेही येथे थोडे पाहिले पाहिजे, कारण दोष तेलाचा आहे की तळणाऱ्याच्या घाईचा, हे त्यावरून कळते. साधारण १७० ते १९० अंश सेल्सिअसच्या तेलात पदार्थ सोडला की पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होऊन ती जोराने बाहेर पडते. कढईतील बुडबुडे ते हेच. वाफ बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. पदार्थ बाहेर काढल्यावर तो निवू लागतो, आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल आत ओढले जाते. तेलाचा मोठा वाटा असा कढईबाहेर आल्यावर पदार्थात शिरतो. पूर्वीच्या सुगरणी घाणा काढताना झारा कढईवर धरून दोन क्षण थांबत आणि पदार्थ कडकडीत गरम असतानाच निथळू देत. त्या दोन क्षणांना शास्त्राचे पूर्ण पाठबळ आहे. तेल पुरेसे तापण्याआधीच सोडलेली पुरी तेलकट होते, हेही त्याच कारणाने. कवच लवकर धरत नाही, पदार्थ अधिक वेळ तेलात राहतो आणि पुरी तेल पिते.

आता क्रियापद बदलले की यंत्राकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे आपोआप स्पष्ट होते. जे भाजून चांगले लागते, ते या यंत्रात उत्तम होते. भरिताचे वांगे, रताळी, मक्याचे कणीस, शेंगदाणे, भरलेल्या मिरच्या, पनीर, माशाची तुकडी ही त्याची हक्काची मंडळी. आधी वाफवून मग तळायचे जे पदार्थ आहेत, त्यांच्यासाठी तर ते वरदानच ठरते. अळूवडीचे उंडे किंवा कोथिंबीर वडी वाफवून, निववून, कापून घ्यावी; वड्यांना ब्रशने तेलाचा हलका हात लावावा; १८० अंशांवर बारा-पंधरा मिनिटे ठेवावी आणि मध्ये एकदा उलटावी. आतली वडी आधीच शिजलेली असल्याने यंत्राला फक्त खरपूसपणा द्यायचा असतो, आणि तेवढे काम ते चोख करते. तेलाचा तो हलका हात मात्र वगळू नये. अजिबात तेल न लावलेली वडी कोरडी आणि भुरभुरीत होते, घरातले लोक एकदा खातात आणि यंत्र माळ्यावर जाते.

भज्यांचे तसे नाही. भज्याचे पीठ सैलसर असते. उकळत्या तेलात पडताच त्याला क्षणात आकार येतो, कारण तेल त्याला चारी बाजूंनी सावरते. हवेला ती ताकद नाही. पीठ टोपलीच्या भोकांतून खाली गळते आणि उरलेले चिकटून बसते. पुरी कधी फुगते, पण तिचा मऊपणा जातो आणि ती पापडाकडे झुकते. अनारशाचा तर प्रश्नच नाही. तांदूळ तीन दिवस भिजवून, दळून, गुळात मळलेले ते पीठ तुपातच फुलते. त्याची जाळी तुपाच्या बुडबुड्यांनी पडते. गूळ जास्त झाला तर तुपातसुद्धा अनारसा हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. मग हवेत त्याची काय कथा! चिवड्याचा अनुभव त्याहून गमतीचा. पातळ पोहे इतके हलके असतात की पंखा सुरू होताच ते टोपलीतून उडतात आणि वरच्या तापलेल्या तारेपर्यंत जातात. तेथे ते करपतात आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी घरभर धूर होतो. पातळ पोहे कढईत मंद आचेवर कोरडे भाजणे आणि फोडणी वेगळी करून त्यावर ओतणे, ही पिढ्यान्पिढ्यांची रीतच तेथे कमी तेलाची आणि कमी तापाची ठरते.

फराळातील ज्या पदार्थांना यंत्र मानवते, त्यांची गोष्ट विशेष लक्ष देण्यासारखी आहे. शंकरपाळी, करंजी आणि बऱ्याच प्रमाणात चकली यंत्रात जमते. का जमते? या तिन्हींच्या पिठात मोहन असते. कडकडीत तेल किंवा तूप पिठात आधीच मुरलेले असते आणि खुसखुशीतपणा त्यातून येतो. शंकरपाळ्यांचे घरोघरी चालत आलेले प्रमाण पाहावे : एक वाटी तूप, एक वाटी दूध, एक वाटी साखर आणि त्यात मावेल तेवढा मैदा. वाटी १५० मिलिलिटरची धरली तर तुपाच्याच बाराशेहून अधिक किलोकॅलरी होतात, साखरेच्या सुमारे पाचशे वेगळ्या, आणि मैदा अजून मोजलेलाच नाही. ही शंकरपाळी यंत्रात भाजली तर तळणीचे तेल वाचते, हे खरे. परंतु ‘तेलविरहित शंकरपाळी’ असे म्हणून डबा पुढे केला की खाणारा मूठभरऐवजी वाटीभर खातो. वाचलेले तेल अशा प्रकारे मागच्या दाराने घरात परत येते.

येथून आरोग्याचा भाग सुरू होतो, आणि त्यात यंत्राची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती भक्कम आहे. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ किलोकॅलरी मिळतात. पिष्ट आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅमातून ४. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० किलोकॅलरी, एका फुलक्याहून अधिक. वड्यांची एक खेप यंत्रात चमचाभर तेलात होत असेल, तर बचत उघड आहे. मात्र त्याहून मोठा लाभ उष्मांकांच्या कोष्टकात दिसत नाही. तो कढईच्या तळाशी आहे. चार माणसांच्या घरात दहा-बारा वडे तळायलाही कढईत पाव-अर्धा लिटर तेल ओतावे लागते. वडे संपतात, तेल उरते. ते टाकून देणे जिवावर येते. मग ते गाळून ठेवतात, दुसऱ्या दिवशी त्यात पापड तळतात, तिसऱ्या दिवशी भाजीला फोडणी देतात. काटकसर हा सद्गुण खराच, पण तेलाला तो मानवत नाही. पुन्हापुन्हा तापवलेले तेल विघटित होते आणि त्यात आरोग्याला घातक द्रव्ये साठत जातात. भारताच्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून असा नियम लागू केला की, ज्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाले आहे, ते खाद्यपदार्थांसाठी वापरू नये. हा नियम हलवाई आणि उपाहारगृहे यांच्यावर चालतो; घरातल्या गाळलेल्या तेलाच्या डब्यावर कोणता निरीक्षक येणार? यंत्राने तो डबाच नाहीसा केला, तर त्याच्या किमतीचा मोठा भाग वसूल झाला असे समजण्यास हरकत नाही.

दुसरा लाभ वृद्धांचा. मुले परगावी किंवा परदेशी आणि घरात सत्तरीची दोन माणसे, हे चित्र या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना सांगायला नको. हात थरथरू लागले की तापलेल्या तेलाची कढई ही घरातली सर्वांत धोक्याची वस्तू ठरते. यंत्र ठरल्या वेळी आपोआप बंद होते. गॅस चालू राहिला की काय, या शंकेने मध्यरात्री उठावे लागत नाही. आईवडिलांसाठी यंत्र पाठवणाऱ्या मुलांनी एवढेच पाहावे की ते कोणत्या प्लगला लागणार आहे. १५०० वॉटचे यंत्र सुमारे साडेसहा अँपियर वीज घेते. पंख्या-दिव्यांसाठी असलेल्या ६ अँपियरच्या सॉकेटला ते लावणे धोक्याचे. त्याला १६ अँपियरचे सॉकेट हवे. वीस मिनिटे चालवल्यास साधारण अर्धे युनिट वीज जळते, म्हणजे बिलाची भीती बाळगण्याचे कारण नाही. टोपलीच्या न चिकटणाऱ्या लेपावर मात्र लोखंडी उलथणे चालवू नये. आणखी एक अडचण अशी की, यंत्रावर चित्रे असतात ती बहुधा फ्रेंच फ्राईज, कोंबडीची तंगडी, मासा आणि केक यांची. वांग्याचे चित्र कोणी काढलेले नाही. त्यामुळे पुष्कळ सोवळ्या घरांत आज कोंबडीच्या चित्रावर बोट ठेवून भरिताचे वांगे भाजले जाते.

गैरसमजांचीही दखल घ्यायला हवी. भाजलेले म्हणजे निर्दोष, असे नाही. २००२ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की, बटाटा आणि धान्य यांसारखे पिष्टमय पदार्थ उच्च तापमानावर तळले किंवा भाजले असता त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगकारक आढळले आहे. साधारण १२० अंशांच्या वर कोरड्या उष्णतेत ते बनू लागते. उकडण्यात आणि वाफवण्यात ते जवळजवळ बनत नाही. म्हणजे तेल टाळल्याने ते टळत नाही. बटाट्याच्या फोडी कापून अर्धा तास पाण्यात ठेवाव्यात, पाणी टाकून द्यावे, फोडी पुसून कोरड्या कराव्यात, आणि रंग सोनेरी होताच थांबावे. भाजण्या-तळण्याचे बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नयेत, कारण थंडीत त्यांतील शर्करा वाढते आणि पुढे ॲक्रिलामाइडही. ‘खरपूस’ आणि ‘करपलेला’ हे दोन शब्द मराठीने फार पूर्वी वेगळे करून ठेवले आहेत. प्रयोगशाळेने त्या दोन शब्दांमधील रेघ आणखी ठळक केली, एवढेच.

तेल हाच शत्रू, असेही मानू नये. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांश असला तरच नीट शोषली जातात, आणि काही मेदाम्ले शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. ती अन्नातूनच घ्यावी लागतात. हिंग, मोहरी, कढीपत्ता यांचा सुगंध तेल पकडून ठेवते. फोडणी म्हणजे चमचाभर तेलात सबंध पातेल्याची चव कोंडण्याची युक्ती आहे आणि ती कोणत्याही टोपलीला साधणार नाही. वरणावरची तुपाची धार काढून घेऊन संध्याकाळी पाकिटातले गोठवलेले फ्राईज यंत्रात टाकणे, याला आरोग्याचा विचार म्हणत नाहीत. ते फ्राईज कारखान्यात आधीच तेलातून काढलेले असतात. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत तेलाचे नाव छापलेले असते आणि मिठाचे प्रमाणही. यंत्राला ना मीठ कमी करता येते, ना साखर.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वारंवारतेची. जुन्या मराठी घरात तळण रोजचे नव्हते, आणि त्याला केवळ गरिबी हे कारण नव्हते. तळणाला पंचांगात जागा नेमून दिलेली होती. आषाढ महिन्यात ‘आषाढ तळणे’ असे. गूळ घातलेल्या कणकेच्या कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या पावसाळी हवेत तळल्या जात. पाठोपाठ श्रावणात नागपंचमी येई, आणि त्या दिवशी चिरणे, तळणे, चुलीवर तवा ठेवणे वर्ज्य. पुरणाची दिंडे वाफवून करायची. मग गणपतीला उकडीचे मोदक, आणि थेट दिवाळीला पुन्हा कढई. हे कोणा आहारतज्ज्ञाने आखलेले वेळापत्रक नव्हे, श्रद्धेने पाळलेले होते. पण त्यामुळे तळलेला पदार्थ हा प्रसंगाचा पदार्थ राहिला. त्याची वाट पाहिली जाई. शिवाय तळण हे कष्टाचे काम होते. उन्हाळ्यात कढईसमोर दोन तास बसलेल्या बाईला रोज तळण कर असे सांगण्याची हिंमत घरातल्या पुरुषांनाही होत नसे. ते कष्ट हीदेखील एक मर्यादाच होती, जरी ती स्त्रियांच्या घामावर उभी होती आणि म्हणून तिचे गोडवे गाण्याजोगे काही नाही.

यंत्राने ते कष्ट काढून टाकले, आणि हे त्याचे पुण्य आहे. पण कष्टांबरोबर मर्यादाही गेली. बारा मिनिटांत, धूर नाही, पसारा नाही, तेल जवळजवळ नाही. मग रोज संध्याकाळी नगेट्स, रोज फ्राईज, रोज समोशाची पट्टी. पूर्वी महिन्यातून दोनदा तेलात तळलेला वडा खाणारे मूल आज आठवड्यातून पाच दिवस पाकिटातले पदार्थ ‘एअर फ्राय’ करून खात असेल, तर कोणत्या मुलाचे बरे चालले आहे, याचे उत्तर तेलाच्या चमच्यात मिळणार नाही. आणि त्या पाच दिवसांत पानातून काय गेले, तेही पाहावे. भाकरी गेली, उसळ गेली, पालेभाजी गेली. मराठी मुलुखाबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत पदार्थ गेला की त्याचे नावही जाते. दिंडे न खाल्लेल्या मुलाला ‘वाफवणे’ हे क्रियापद पुस्तकातच भेटते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला २००० किलोकॅलरींच्या आहाराचा एक नमुना दिला आहे. त्यात भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी व मांसाहारी पदार्थ मिळून ८५ ग्रॅम, आणि तेल-तूप २७ ग्रॅम आहे. या आकड्यांत तेलापेक्षा भाज्यांचा आकडा अधिक बोलका आहे. माणशी ४०० ग्रॅम म्हणजे चौघांच्या घरात रोज सुमारे दीड किलोहून अधिक भाजी. एवढी भाजी किती घरांत चिरली जाते? एअर फ्रायरचा उत्तम उपयोग कदाचित येथेच आहे. फ्लॉवर, भोपळा, भेंडी, गाजर, फरसबी यांच्या फोडींना चमचाभर तेल, हळद, तिखट चोळून, टोपलीत दाटी न करता एकाच थरात पसरून त्या खरपूस भाजल्या, तर भाजीकडे नाक मुरडणारी मुलेही भेंडी हातात घेऊन खातात. दाटी केली की हवा फिरत नाही आणि भेंडी भाजण्याऐवजी वाफते, एवढे पथ्य सांभाळावे.

आणि तेलाचा आकडा? ते गणित पाचवीच्या वर्गातले आहे आणि मुलांकडूनच सोडवून घ्यावे. माणशी रोज २७ ग्रॅम, माणसे चार, दिवस तीस : महिन्याला ३२४० ग्रॅम, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर. त्यात फोडणीचे तेल आले, वरणावरचे तूप आले, पावावरचे लोणीही आले. महिन्याच्या पहिल्या तारखेला मुलाने पिशव्यांवरचे आकडे वहीत लिहावेत, शेवटच्या तारखेला उरलेले वजा करावे, आणि येणाऱ्या उत्तराला चाराने व तिसाने भागावे. यंत्र घरात येण्यापूर्वीचा एक महिना आणि आल्यानंतरचा एक महिना असे दोन्ही हिशेब शेजारी मांडले, म्हणजे यंत्राने त्या घरात नेमके काय केले ते कळेल. कोणत्याही जाहिरातीची किंवा व्याख्यानाची गरज पडणार नाही. वाढदिवसाला बाहेर झालेले जेवण, कार्यालयातल्या चहाबरोबरची भजी आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आलेले शेवेचे पाकीट हे त्या वहीत कोणत्या रकान्यात लिहायचे, ते मात्र घरातल्या मोठ्यांना मुलासमोर बसून ठरवावे लागेल.